नवसाबाईच्या गाण्यातलं भोक

१

गाण्याला भोक पडलं होतं, आणि ते बुजवायला गाणारी बाई आता या जगात नव्हती.

मला फोन आला देवव्रतचा. गंगापूर रोडवर एका दातांच्या दवाखान्याच्या वर त्याचा स्टुडिओ आहे. मी लतिका, रेडिओतून निवृत्त झालेली ध्वनी-अभियंता. निवृत्त म्हणजे पगार अर्धा झाला, कटकट पूर्ण राहिली. नाशकात कुणाच्याही रेकॉर्डिंगमध्ये आवाज तुटायला लागला, सॉफ्टवेअर अडखळायला लागलं, की लतिकाताईंना बोलवा. आणि गेल्या गेल्या पहिलं वाक्य ठरलेलं, "ताई, रीस्टार्ट करून बघितलं." काय उपकार केलेस बाबा!

डिसेंबरची सकाळ होती, पण सूर्य उगवलाय की नाही याची खात्री देता येत नव्हती. ढगाळ हवा आणि बोचरी थंडी. गुडघ्यांना शिव्या घालत मी जिना चढले, तर आत तिघं तीन दिशांना तोंडं करून बसलेली.

"ताई, हिनं वाट लावलीय," देवव्रत म्हणाला. 'हिनं' म्हणजे तेजश्रीनं. ती त्याच्याकडे रेकॉर्डिंगचं काम बघते. कान तयार, हात स्वच्छ, एरवी तोंडाचा पट्टा चालू. आज तिचे डोळे सुजलेले होते. "एकच गाणं, एकच बाई, आणि तेही नीट घेता येऊ नये? आजपासून हिला येऊ नको म्हणून सांगितलंय मी. उद्या सगळ्या नाशिकभर माझं नाव खराब होईल."

"तुझं नाव नंतर बघू," मी म्हटलं. "ह्या कोण?"

सोफ्याच्या कडेला तिशीतली एक बाई बसली होती, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून. ती मीना. पेठकडच्या डोंगरातली. तेजश्री ज्या हॉस्टेलवर राहते, तिथल्या मेसमध्ये स्वयंपाक करते. नाशकात तिच्याचजवळ राहणारी सासू नवसाबाई, तिचं ते गाणं. त्यांच्या घरात कुणी गेलं की दिवसांना म्हणायचं गाणं, ज्यात घरातल्या एकेका मेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याला पाणी पाजून वाटेला लावतात. नवसाबाईच्या मागे ते म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून म्हातारीनं स्वतःच सांगितलं होतं, माझ्या दिवसाला माझाच आवाज लावा. रेकॉर्डिंग झालं, आणि पुढच्याच आठवड्यात ती गेली.

"उद्या दिवस हायेत आत्याबाईंचे," मीना म्हणाली. "फाटकं गाणं लावू का मी? आन् चंदर आला का त्याला काय सांगू? तुझ्या आईचं गाणं हाय, पण मधीच तुटलंय?"

चंदर कोण, ते मी विचारलं नाही. तेजश्रीनं मला डोळ्यांनीच गप्प केलं.

२

चहाच्या निमित्तानं ती मला गॅलरीत घेऊन गेली.

"चंदर म्हणजे मीनाताईंचा नवरा," ती हळू आवाजात म्हणाली. "मुकादमाबरोबर सुरतेकडे बांधकामावर गेला, तो परत आलाच नाही. कितीतरी वर्षं झाली. फोन नाही, निरोप नाही. कुणी म्हणतं तिकडे दुसरी बाई केली. मीनाताईंच्या भावानं सिन्नरचं एक स्थळ आणलंय. कारखान्यात आहे, बायको वारलेली, माणूस चांगला आहे म्हणतात. ह्या म्हणतात, माझा नवरा जिवंत आहे, दुसरं लग्न कसं करू? भाऊ चिडून बोलायचा बंद झालाय."

"आणि सासू काय म्हणायची?"

"सासू म्हणायची, येईल."

ऐकून मला राग आला. कुणाचा ते कळलं नाही, म्हणून मी तो देवव्रतवर काढायचं ठरवलं. आत जाऊन हेडफोन चढवले आणि गाणं सुरू केलं.

नवसाबाईचा आवाज खरखरीत होता, पण काय आवाज! त्याच्याखाली थाळीचा नाद. पितळी थाळीवर मेणानं एक काडी उभी चिकटवतात आणि ती बोटांनी वरून खाली ओढत राहतात. एक लांब, घुमणारा सूर निघत राहतो. थाळी वाजवली होती नवसाबाईच्या भावानं, सहादूमामानं. तेजश्रीनं दोन माइक लावले होते, एक बाईपुढे, एक थाळीपुढे.

आणि मधूनमधून टक्, टक्. शब्दाचा तुकडा गायब, गाणं पुढे उडी मारून चालू. हे मला पाठ आहे. कॉम्प्युटर आवाज थेट लिहून घेत नाही. आधी एका छोट्या टाकीत साठवतो आणि टाकी भरेल तशी उपसतो. त्या टाकीला बफर म्हणतात. उपसणारा क्षणभर दुसऱ्या कामात गुंतला, की टाकी ओसंडते आणि सांडलेलं परत मिळत नाही.

"हिनं बफर लहान ठेवला असणार," देवव्रत म्हणाला.

बघितलं. बफर व्यवस्थित होता. लॅपटॉप चार्जरवर होता, वीज वाचवायचा पर्याय बंद होता, इतर खिडक्या बंद होत्या. मग तेजश्रीला माइकपुढे बसवून पाढे म्हणायला लावले. पाढ्यांत एक अक्षर गळलं तरी कळतं. सतराच्या पाढ्यापर्यंत सगळं सरळ गेलं आणि मग टक्. पुन्हा टक्.

"देवव्रत, आत्ता तू काय केलंस?"

"मी? काही नाही. लग्नाच्या त्या गाण्यांची फाइल सेव्ह केली फक्त, माझ्या मशीनवर."

"आणि ती जाते कुठे?"

त्याचं तोंड उतरलं. मोठेपणानं त्यानंच बसवून घेतलं होतं ते. एका मशीनवर काही साठवलं की इंटरनेटवरून ते आपोआप सगळ्या मशीनवर उतरायचं. रेकॉर्डिंगचा लॅपटॉपही त्यातच. नवसाबाई आत गात होती, तेव्हा हे महाशय बाहेर बसून लग्नाची गाणी सजवत होते, आणि बिचारा लॅपटॉप टाकी उपसायची सोडून त्यांची ओझी उतरवून घेत होता. मी वायफाय बंद केलं. तेजश्रीनं तिसापर्यंत पाढे म्हटले, एकदाही टक् नाही.

"घे," मी म्हटलं, "सापडला तुझा गुन्हेगार. आता हिची माफी माग."

तेजश्री हसली नाही. "लतिकाताई, ह्या बारीक जागा मी शेजारच्या ओळींवरून भरून काढीन. मोठं भोक अजून तुम्ही ऐकलंच नाही."

३

मग ते ऐकलं.

एका नावाची ओळ संपते. पुढची सुरू होते, "पाणी पी रं, वाटंला लाग रं..." आणि जिथे नाव यायचं, तिथे काहीच नाही. पडद्यावर दोन्ही माइकच्या रेघा, म्हणजे ट्रॅक, सपाट. मग थाळी पुन्हा सुरू, आणि बाई पुढच्या ओळीवर.

"दोन्ही ट्रॅक एकदम गेले, म्हणजे कॉम्प्युटरच," देवव्रत म्हणाला. अंगावरची धूळ झटकल्यासारखं झालं होतं त्याला. "मोठा ड्रॉपआउट. तांत्रिक बिघाड. आपण दिलगिरी सांगू आणि विषय मिटवू."

मलाही क्षणभर तेच वाटलं. पण मी ती जागा पुन्हा पुन्हा ऐकली. थाळीच्या ट्रॅकवर नाद थांबत होता, पण कापल्यासारखा नाही. पितळेचा सूर विरत विरत संपत होता. ड्रॉपआउटमध्ये असं कधी होत नाही. तिथे सुरी मारल्यासारखा आवाज तुटतो आणि मधला वेळच हरवतो. इथे वेळ पूर्ण होता. मिळत नव्हता तो फक्त बाईचा आवाज.

"कॉम्प्युटरनं काही गिळलेलं नाही," मी म्हटलं. "कुणीतरी केलंय हे."

देवव्रत तेजश्रीकडे बघायला लागला. तेजश्री रडायच्या बेतात.

"मी नाही पुसलं! गाणं चालू असताना हेडफोनमध्ये आवाज गेला. मला वाटलं, झालं, परत अडकलं. संपल्यावर मी आजींना म्हटलं, तेवढी एक ओळ पुन्हा म्हणाल का? तर म्हणाल्या, 'नगं पोरी. तेवढं ऱ्हाऊ दे.' दम लागला होता त्यांना. मी जास्त आग्रह नाही केला."

मी बाईच्या ट्रॅकवरची ती सपाट जागा घेतली आणि आवाज शक्य तितका चढवला. मागाहून पुसलेल्या जागेत काही म्हणजे काहीच नसतं. इथे होतं. सुरुवातीला एक धप्प, मग जाड काहीतरी घासल्याचा आवाज, घोंगडीखालून कुणी बोलावं तशी एक घुमी हालचाल, आणि शेवटी पुन्हा धप्प. तेजश्री निर्दोष होती. देवव्रतही. गाणं चालू असताना कुणीतरी माइक दाबून धरला होता.

"आत कोण कोण होतं?"

"आजी आणि सहादूमामा. दोघंच. मी काचेच्या अलीकडे, सर बाहेर. मीनाताई मेसवर होत्या."

म्हणजे दोन माणसं. त्यातलं एक गेलेलं.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. दारात एक वाळलेला म्हातारा उभा होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, धाप लागलेली. मीना झटकन उठली.

"मामा? तुम्ही गावाहून इथवर कशाला आलात?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. आमच्याकडे बघून हात जोडले. "ते गाणं पुसून टाका," तो म्हणाला. "सगळंच पुसा."

४

मीनाला तेजश्रीबरोबर बाहेर बसवलं आणि म्हाताऱ्याला आत घेतलं. पाणी दिलं. तो पाण्याचा पेला हातात धरून बसून राहिला.

"पुसायचं का, मामा?"

"ते घरचं गाणं हाय. पेटीत घालून ठेवायचं नाय. बहिणीला म्या तवाच बोललो व्हतो. गाणं तुटलंय, इथं जोडाया दिलंय असं कळलं, म्हणून आलो."

"मग तुम्ही थाळी वाजवायला आलात कशाला?"

"तिनं हाक मारली. बहीण हाय ती."

"मामा, त्या दिवशी कुणीतरी बाईंच्या माइकवर हात धरला होता. तुम्ही?"

त्यानं पेला खाली ठेवला. "माजे हात थाळीवर."

"पण थाळी तर त्या जागेला थांबलीय."

"थांबणारच," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जरा ताठा आला. "नाव घेताना थाळी थांबवायची. मेलेल्याला आपलं नाव नीट ऐकू आलं पायजे. आमच्यात तशीच चाल हाय."

मी गाणं पहिल्यापासून बघितलं. खरंच. प्रत्येक नावापाशी थाळीचा ट्रॅक सपाट होत होता. देवव्रत आणि मी ज्याला बिघाड म्हणत होतो, तो थाळीवाल्याचा मान होता. पण याचा दुसरा अर्थही होता. नावाच्या वेळी सहादूमामाचे हात मोकळे होते.

"कुठे बसला होतात?"

त्यानं दाखवलं. खोलीच्या त्या टोकाला, भिंतीशी, सतरंजीवर. थाळीचा आवाज बाईच्या माइकमध्ये घुसू नये म्हणून तेजश्रीनं त्याला लांब बसवलं होतं. त्याची काठी, त्याचे गुडघे, ती सतरंजी. माझ्याच वयाचे गुडघे मला न समजायला काय झालं! हा माणूस उठून बाईपर्यंत जायचा, माइक दाबायचा, परत येऊन बसायचा आणि नाव संपताच थाळीला लागायचा, हे शक्यच नव्हतं. शिवाय त्याच्या पुढ्यातल्या माइकनं उठल्या-बसल्याचा आवाज पकडला असता. तो कुठेच नव्हता.

राहिलं एकच माणूस.

"बाईंनी स्वतःच हात ठेवला," मी म्हटलं.

म्हातारा टॉवेलचं टोक तोंडाशी नेऊन रडायला लागला.

५

मेलेल्यांची नावं घ्यायची, मेलेल्यांना ऐकू जावीत म्हणून वाद्य थांबवायचं, आणि नेमकं एक नाव आपल्याच हातानं झाकायचं. कुणापासून झाकायचं?

सहादूमामाचं रडणं थांबेना. मी बाहेर मीनाकडे गेले. गंगापूर रोडची गर्दी खाली वाहत होती आणि ती खिडकीशी उभी होती.

"मीना, या गाण्यात नावं कुठल्या क्रमानं येतात?"

"मेल्यात तशी. आधी मेलेला आधी. नायतर मागचा पुढं जातो आन् वाट चुकतो, असं आत्याबाई सांगायच्या."

"मग सांग बरं एकेक. मला ते नीट जोडायचंय."

ती सांगत गेली. आजेसासरा. आजेसासू लंकाबाई. बाळंतपणात गेलेली नणंद भागीबाई. धरणात बुडालेला दीर दत्तू. मग सासरे, सावळीराम. शेवटचे तेच.

"दत्तूनंतर सावळीराम. मधे कुणी नाही?"

"मधी कोण नाय."

"चुलत, भाऊबंद कुणी?"

"नाय बाई. घरातलेच घेत्यात. दत्तू, आन् त्याच्या पुढच्या साली सासरे." ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. "का? भोक कुठं हाय?"

मी लगेच उत्तर दिलं नाही, हेच चुकलं. ती हुशार बाई होती. रोज हॉस्टेलच्या सगळ्या पोरींच्या पोळ्यांचा हिशेब तोंडी ठेवणारी.

"दत्तू आन् सासऱ्यांच्या मधी हाय ना?" ती म्हणाली. "चंदर कामाला गेला, तो दत्तूच्या दिवसांनंतर. आन् सासरे गेले, तवा तो आला नव्हता."

खाली कुणीतरी जोरजोरात हॉर्न वाजवत होतं. मला खिडकीतून त्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटलं.

"बाई," मीना म्हणाली, "खरं काय ते काढा. मला अर्धं नगं."

६

मी आत आले आणि दार लावून घेतलं. सहादूमामानं डोळे पुसले होते.

"तिला सांगू नका," तो म्हणाला. "तिचं घर मोडंल."

"तिचं घर कधीच मोडलंय, मामा! फक्त तिला कुणी सांगितलं नाही." मी ओरडलेच. मग तेजश्रीला आत बोलावलं. "पोरी, त्या दिवशी बसवताना तू नवसाबाईंना माइकबद्दल नक्की काय सांगितलं होतंस? शब्दन् शब्द आठव."

"काय विशेष नाही. त्या विचारत होत्या, दोन दोन कशाला? मी म्हटलं, आजी, हा माइक तुमचा, तो माइक थाळीचा. ह्याच्यात तुमचा आवाज जातो, त्याच्यात थाळीचा."

आपण सगळे असंच सांगतो. मी स्वतः रेडिओत शेकडो गायकांना हेच सांगितलं. आणि नवसाबाईनं ते खरं मानलं. तिचा माइक झाकला की तिचा आवाज कुठेच जाणार नाही, असं तिला वाटलं. माइकला आपला-परका कळत नाही. त्या टोकाचा तो दुसरा माइक सगळी खोली ऐकत होता. एरवी थाळीच्या नादात तिचा आवाज बुडून गेला असता. पण नाव घेताना थाळी थांबते.

म्हणजे तिनं जे नाव लपवलं, ते ऐकायला त्या एका माइकपुढे घरातली चालच निवांत जागा करून देत होती.

"थाळीचा ट्रॅक घे," मी तेजश्रीला म्हटलं. "ती जागा. बाकी सगळं बंद. आवाज वाढव. अजून. अजून."

खोलीतल्या पंख्याची घरघर वाढली. पितळेचा सूर विरला. आणि लांबून, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, एका म्हातारीचा आवाज आला. हळू नव्हता. ती नाव मोठ्यानंच घेत होती. मेलेल्याला ऐकू जायला हवं ना.

"पाणी पी रं, वाटंला लाग रं... माज्या चंदर."

तेजश्रीनं तोंडावर हात ठेवला.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हाताऱ्याला म्हटलं.

"म्याच खबर आणली व्हती," तो म्हणाला. "मुकादमाच्या माणसानं मला बाजारात गाठलं. पोरगा वरून पडला. तिकडंच उरकलं त्यांनी. म्या बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, सुनंला सांगायचं नाय. तुला माझी शपथ. सून माहेरी गेली तर मी कोणाच्या तोंडाकडं बघू? दोन पोरगे गेले माझे. नवरा अंथरुणाला खिळलाय. थोडं दिवस जाऊ दे, मंग सांगू. मंग नवरा गेला. परत म्हणाली, थोडं दिवस जाऊ दे." त्यानं डोकं हलवलं. "सून लय चांगली निघाली हो. म्हणून सांगणं जमलं नाय."

"आणि गाण्यात नाव का घेतलं?"

"नाय घेतलं तर पोरगं कुठं जाईल? तसंच फिरत ऱ्हाईल ना. आई व्हती ती. तिला एकदा तरी त्याला वाटंला लावायचं व्हतं. त्याला ऐकू जावं, आन् सुनंला जाऊ नये."

दाराशी काहीतरी हललं. दार मी लावलं होतं. पण ते साऊंडप्रूफ दार नव्हतं, देवव्रतनं पैसे वाचवून आतल्या खोलीला साधंच बसवलंय.

मीना दारात उभी होती.

७

"परत लावा," ती म्हणाली.

तेजश्रीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पुन्हा पंख्याची घरघर, पुन्हा पितळेचा सूर, पुन्हा ते नाव. मीना खुर्चीवर बसली नाही. टेबलाला हात टेकून ऐकत राहिली.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही दर दिवाळीला यायचे. माझ्या हातचं जेवायचे. मी विचारायचे, काय कळलं का? तुम्ही म्हणायचे, चौकशी चालू हाय."

सहादूमामानं डोक्याचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला.

"आन् ती!" मीनाचा आवाज फुटला. "मेसवर पोळ्या लाटून आले की तिचे पाय चेपायचे. तिला न्हाऊ घालायचे. माझा भाऊ दारात उभा राहून रडला, म्या त्याला हाकलला. ती घरात बसून ऐकत व्हती. मला म्हणाली, शाणी माझी बाय, तो येईल. रोज म्हणायची. रोज! माझी सगळी उमर खाल्ली तिनं."

देवव्रतसुद्धा दाराशी येऊन उभा होता, पहिल्यांदाच तोंड मिटून. मला वाटलं, ती आता म्हणेल की ते नाव पुसून टाका, किंवा सगळं गाणंच. म्हणाली असती तर मी पुसलंही असतं. दिलगिरीची चार वाक्यं माझ्या तोंडाशी आली, आणि सगळी फुसकी होती, म्हणून मी गिळली.

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"बाई, ते नाव लांबनं येतंय. बाकीच्यांसारखं जवळ आणता येईल का?"

"येईल," मी म्हटलं. "पूर्ण तसं नाही. पण ऐकू येईल इतकं."

"आणा. उद्या गावापुढं लावायचंय. तिनं हात ठेवलाय तिथला हात काढून टाका."

तेजश्री आणि मी कामाला लागलो. दुसऱ्या माइकवरचं ते नाव उचललं, पंख्याची घरघर जमेल तितकी खाली आणली, आवाज चढवला, आणि भोकाच्या जागी बसवलं. तेजश्रीचा जोड अचूक बसला. बाकीच्या बारीक जागाही तिनं भरल्या. देवव्रत चहा घेऊन आला आणि तिच्यापुढे कप ठेवताना "उद्यापासून ये तू नेहमीसारखी" असं पुटपुटला. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत लावलं. दत्तू, चंदर, सावळीराम. कुठेही तुटलं नाही. सहादूमामा भिंतीशी टेकून बसला होता, त्याची बोटं मांडीवर वरून खाली सरकत होती, आणि प्रत्येक नावाला थांबत होती.

मीनानं पेन ड्राइव्ह पिशवीत ठेवला. पिशवीत उद्याची खरेदी होती, तांदूळ, गूळ, सासूच्या नावानं द्यायचं नवं लुगडं. ती जायला उठली, तर मी तिला थांबवलं.

"एकटी जाऊ नकोस. भावाला फोन करू का?"

"नगं. त्यानं एवढ्यात यायचं नाय. त्याला वाटंल, आता सिन्नरला जायला मोकळी झाली." ती चप्पल घालत होती. पट्टा दोनदा चुकला. "तसं नसतं ना बाई. कळल्यापासून दिवस धरायचे असतात. सासूचे दिवस उद्या सरतात. माझ्या नवऱ्याचा आज पहिला."